स्प्रिंगवाले सर

मी ढाणकीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, हे कोणाला सांगितलं की मी लगेच प्यायला पाणी मागतो. कारण पुढचा प्रश्न पगाराचा असतो आणि आमचं पद विनाअनुदानित आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही ते सुखी लोक. विनाअनुदानित म्हणजे अभ्यासक्रम सरकारचा, पेपर बोर्डाचे, कॉलेज संस्थेचं आणि चहा घरून पिऊन यायचा. पगाराऐवजी आशा मिळते, तीही वेळेवर मिळत नाही. आमचं घर दीपाच्या नोकरीवर चालतं. दीपा माझी बायको, एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला कधी टोचून बोललेलं नाही. त्यामुळे मला तोंड वर करून भांडण्याचीसुद्धा सोय उरलेली नाही.

यंदा मात्र आमच्या तुकडीला अनुदान लागू झालं. आता एकच गोष्ट राहिली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी फिजिक्सच्या जागेवर माझं नाव घालून मान्यतेचा प्रस्ताव वर पाठवायचा. प्रस्ताव गेला की मी पगारी मास्तर. नाही गेला, तर दुसरीकडे कुठं अर्ज करावा एवढं माझं वयही शिल्लक नव्हतं. सगळं काही एका सहीवर येऊन थांबलं होतं, आणि ती सही वामनरावांची होती. वामनरावांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. मीही म्हणतो.

एके दिवशी भाऊसाहेबांनी मला घरी बोलावलं. मी प्रस्तावाच्या आशेनं इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दिवाणखान्यात टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर एक लाल ट्रक ठेवला होता. बकरीच्या पिल्लाएवढा. रिमोटवर चालणारा, शर्यतीचा, त्यांच्या मुलानं, म्हणजे बंटीनं, परदेशातून मागवलेला.

"सर, तुमी पोराईले स्प्रिंगा शिकवता ना?" भाऊसाहेब म्हणाले.

"हो. म्हणजे स्थितिस्थापकत्व. बल आणि लांबीतली वाढ..."

"मंग हे स्प्रिंगा करून द्या."

इथं थोडं पटाबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात हिवाळ्यात शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पट म्हटला की माणसं घरचं लग्न पुढं ढकलतात. दोन वर्षांपासून पटाच्या शेवटी या रिमोटच्या ट्रकांचीही शर्यत लावायला लागले होते. बैल परवडत नाहीत आणि हौस मरत नाही, अशा मोठ्या लोकांची ती सोय होती. गेल्या वर्षी भाऊसाहेबांचा ट्रक पहिल्याच मातीच्या उंचवट्यावर पालथा पडला आणि चारही चाकं आभाळाकडे करून फिरत राहिला. जिंकला तो उत्तमसिंगांचा ट्रक. उत्तमसिंग म्हणजे पलीकडच्या गावचे संस्थाचालक. भाऊसाहेबांचं आणि त्यांचं शाळांवरून, बाजार समितीवरून आणि कारण नसलं तर कारणाशिवायही वैर होतं. त्या पालथ्या ट्रकाचा व्हिडिओ उत्तमसिंगांच्या माणसांनी गावभर फिरवला होता.

"प्रस्ताव तयार हाय, सर," भाऊसाहेब मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले. "फक्त सही राह्यली. एकदा ट्रक जिंकू द्या, मंग पह्यलं काम तेच."

तर अशा रीतीनं माझ्या आयुष्याचा सगळा भार त्या चार स्प्रिंगांवर आला. मी ट्रक पिशवीत घालून, वरून कोथिंबिरीची जुडी ठेवून घरी आणला. माणसाला आब राखावा लागतो.

ट्रक ओट्यावर ठेवताच शेजार गोळा झाला. आमचे उकंडाकाका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आहेत. जगातला कोणताही बिघाड त्यांनी पूर्वी उमरखेडच्या घाटात पाहिलेला असतो. त्यांनी ट्रक उलटा केला, चाकं दाबली आणि निकाल दिला.

"स्प्रिंगा काहून ठेवल्या राजेहो? पाटे टाका ना. एसटीले पाटे असते. माझी गाडी पाट्यावर चालली, एक दिवस पालथी नाही झाली."

"काका, ती आठ टनांची होती."

"म्हणूनच सांगून राह्यलो! आठ टन पेलते, तं हे बकरू नाही पेलन?"

संध्याकाळी ते खरंच टेम्पोच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगेऐवजी चाकांवर असते त्या पोलादी पट्टीचा, तुकडा घेऊन आले. तो एकटाच ट्रकपेक्षा जड होता. नाही म्हटलं तर काका रुसतात, म्हणून मी तो कपाटाखाली ठेवला आणि पुढं कितीतरी दिवस झाडताना तो दीपाच्या अंगठ्याला लागत राहिला. पलीकडच्या वच्छलाबाईंनी शॉकअपमध्ये जवसाचं तेल घालायला सांगितलं. त्यांच्या गुडघ्याला त्यानं फरक पडला होता. गुडघा आणि शॉकअप यांचं काम सारखंच असतं हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, म्हणून मला त्यांना खोडून काढता येईना.

खरी गोष्ट अशी की मला त्या कामात गोडी लागली. इतकी वर्षं मी फळ्यावर स्प्रिंग काढत आलो. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्यातली एकुलती एक स्प्रिंग पोरांनी ताणून ताणून तार करून टाकलेली. इथं पहिल्यांदाच माझ्या हातात चार खऱ्या स्प्रिंगा होत्या. स्प्रिंग गाडीला वर ढकलते, पण कुठं थांबायचं ते तिला कळत नाही, ती ढकलतच राहते. तिला आवरायला शॉकअप असतो. आत तेल, तेलात भोकं पाडलेली चकती, आणि त्या भोकांतून तेल जितकं सावकाश जाईल तितकी गाडी शहाण्यासारखी वागते. तेल पातळ असलं तर गाडी उड्या मारते. फार दाट असलं तर ती दगडासारखी आपटते. ही दोन टोकं सांभाळून मधली जागा शोधायची, एवढंच ते काम. पण बंटीनं मागच्या स्प्रिंगा दिसायला ऐटबाज म्हणून सगळ्यात कडक घेतल्या होत्या आणि पेच आवळून आणखी ताठ केल्या होत्या. उंचवट्यावरून उतरताना मागची चाकं लाथ मारत आणि ट्रक नाकावर जाई. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. समजावून सांगायला मात्र कोणी नव्हतं, म्हणून मी ते दीपाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही कधी करणार हायेत म्हणे?"

नव्या स्प्रिंगा आणि तेल मागवलं. ते येईपर्यंत भाऊसाहेबांनी माझ्यावर आणखी एक काम टाकलं. ट्रकांच्या शर्यतीसाठी मैदानाची परवानगी. "तुमी शिकेल माणूस हा, अर्ज तुमीच करा." कार्यालयाचं नाव मी घेत नाही, मला अजून तिथं कामं पडतात. तिथल्या बाबूकडे अर्जाचा नमुना एकच होता, बैलांच्या पटाचा. मी म्हणालो, यात बैल नाहीत. तो म्हणाला, मंग पट कसा? मी म्हणालो, ट्रक आहेत, खेळण्यातले. तो म्हणाला, शर्यत हाय ना? शर्यतीले जनावराच्या डॉक्टरचा दाखला लागते, त्याबिगर फाईल पुढं जात नाही.

त्या दाखल्यासाठी मी लाल ट्रक काखेत मारून जनावरांच्या दवाखान्यात ओळीत बसलो. माझ्यापुढं एक म्हैस होती आणि मागं एक अत्यंत संतापलेलं बोकड. डॉक्टर भला माणूस निघाला. दाखल्यात रंग आणि शिंगांची ठेवण असे रकाने होते. रंग लाल, असं त्यानं लिहिलं. ट्रकच्या एरियलला शिंग म्हणावं का, यावर आमची थोडी चर्चा झाली. शेवटी 'एकशिंगी' असं लिहून त्यानं जनावर सुदृढ असून धावण्यास योग्य आहे, यावर शिक्का मारला. बाहेर माझे दोन विद्यार्थी म्हैस धरून उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि मग एकमेकांकडे पाहिलं. मी एम.एस्सी. आहे, प्रथम श्रेणी. ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

तेल आलं. मी प्रयोगशाळेच्या कपाटातली वजनं घरी आणून प्रत्येक स्प्रिंगला टांगली, वाढलेली लांबी मोजली, मागं मऊ जोडी लावली, पुढं त्याहून थोडी कडक, शॉकअपमध्ये दाट तेल भरलं आणि आतली हवा काढली. मग ट्रक गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली सोडला. तो पडला, बसला, उठला आणि उभा राहिला. एकदाही उसळला नाही. मी पुन्हा सोडला. पुन्हा तसंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो. जे पुस्तकात लिहिलंय ते माझ्या ओट्यावर घडत होतं. उकंडाकाका म्हणाले, "पाट्यानं याहून बरा बसला असता," पण त्यांनीही तो दोनदा सोडून पाहिला.

ट्रक भाऊसाहेबांकडे पोचवला आणि दोन दिवसांत बंटीचा फोन आला. "सर, तुमी काय करून ठेवलं? दबूनच नाही राह्यला!"

गेलो. सकाळची कडाक्याची थंडी होती. ट्रक अंगणात पाटावर ठेवलेला, टपावर कुंकू, गळ्यात घुंगरांची माळ. चारही शॉकअप हळदीनं पिवळेधम्मक झाले होते. दाबून पाहिलं तर खुंट्यासारखे घट्ट. भाऊसाहेबांच्या आई, कोकिळाबाई, खुर्चीत बसून समाधानानं पाहत होत्या. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. पटाच्या बैलांचे पटाआधीही शेकतात. ट्रक पटात पळणार, म्हणजे त्याचेही खांदे शेकायलाच हवेत. म्हातारीनं नातवाला विचारलं होतं, याचे खांदे कोणते रे? नातवानं शॉकअप दाखवले. ती म्हणाली, वरवर लावून काय होते, आतपर्यंत मुरू दे. मग बंटीनं टोपणं उघडून माझं सगळं तेल ओतून दिलं आणि गरम गावरान तूप भरलं. रात्रीच्या थंडीत ते थिजलं.

"आजी," मी म्हणालो, "याला तूप चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?" कोकिळाबाई म्हणाल्या. "आमच्या बैलाईले चालते. तुमी कोण्या गावचे?"

भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "आईनं श्रद्धेनं केलं, सर. उगा तोंड पाडून तिचं मन दुखवू नका. गपचूप काढा अन् वास आला तं येऊ द्या."

मी तूप काढलं. ऊन पाणी, साबण, पुन्हा पाणी. प्रत्येक भोक, प्रत्येक रबरी चकती पुसली. पट तोंडावर आला होता आणि तेल संपलं होतं. पुन्हा मागवलेलं तेल कुरिअरवाल्यानं पुसदलाच ठेवून घेतलं, म्हणून मी रजा टाकून पुसदला गेलो. बिनपगारी माणसाची रजा मंजूर करताना प्राचार्यांनी बराच विचार केला. पण ट्रक पुन्हा पहिल्यासारखा झाला. पहिल्यापेक्षा चांगला झाला. पटाच्या आधी मैदानावर चालवून पाहिला. काळ्या मातीची ढेकळं, वळणं, उंचवटे, सगळ्यांवरून तो असा गेला की जणू खाली जमीन सपाट होती. बंटी मला म्हणाला, "सर, तुमी देव मानूस हा." प्रस्ताव, सही, मान्यता, सगळं मला त्या मैदानावर उभं दिसत होतं. मी घरी जाऊन दीपाला म्हटलं, "झालंच समज." तिनं पहिल्यांदा विचारलं, "खरंच?" तिचा तो आवाज मला अजून छळतो.

पटाच्या सकाळी भाऊसाहेब स्वतः मंडपामागं आले. चेहरा खुशीत होता.

"सर, ट्रक कसा हाय?"

"भाऊसाहेब, आज कोणी याला हरवू शकत नाही."

"हरवा लागते."

मला वाटलं, ते उत्तमसिंगांना हरवण्याबद्दल बोलतात. मी हो म्हणालो. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून नीट सांगितलं. बाजार समितीच्या निवडणुकीसाठी त्यांची आणि उत्तमसिंगांची दिलजमाई झाली होती. एकच पॅनल. फोटो काढून झाला होता. "मानूस तापट हाय. आज पटात हरला, तं उद्या पॅनल सोडन. त्याचाच ट्रक जिंकला पाह्यजे."

"मग बंटीला सांगा ना, हळू चालवायला."

"बंटीच्या पोटात पानी ठरते काय? अन् तो आयकन काय? हे काम तुमचंच हाय, सर. स्प्रिंगा तुमच्या हातात हायेत. इतकं करा. प्रस्ताव माझ्यावर सोडा."

ते गेले. मी ट्रक मांडीवर घेऊन मंडपामागं बसलो. एखाद्याला नीट चुकायचं असेल तर त्याला बरोबर काय ते माहीत असावं लागतं, हे मला तिथं कळलं. मागच्या शॉकअपमधलं तेल मी मातीत ओतलं. जुन्या कडक स्प्रिंगा पिशवीत होत्या, त्या लावल्या आणि पेच आवळत आवळत शेवटपर्यंत नेले. मी आयुष्यात एकच काम पूर्णपणे बरोबर केलं होतं, आणि ते मी स्वतः, कोणाचा धक्का न लागता, मोडत होतो. संताप आला होता, पण तो काढायचा कोणावर? मी पेच आवळला.

पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शिट्टी झाली. ट्रक सुटला, पहिल्या उंचवट्यावर चढला आणि पलीकडे उतरताना मागच्या चाकांनी अशी लाथ मारली की तो हवेत दोन कोलांट्या घेऊन सरळ जिलबीवाल्याच्या परातीजवळ पडला. उत्तमसिंगांचा ट्रक धडपडत, उसळत, कसाबसा एकटाच शेवटपर्यंत पोचला. बंटीनं रिमोट जमिनीवर आपटला आणि बोंब मारली, "सरानं स्प्रिंगाची वाट लावली! काल चांगला होता!" माणसं हसायला लागली. माइकवाल्यानं तेच पुन्हा माइकवरून सांगितलं, ज्यांना ऐकू गेलं नसेल त्यांच्यासाठी. मग भाऊसाहेब मंचावर उभे राहिले. उत्तमसिंगांना मिठी मारली आणि माइक घेऊन म्हणाले, "उत्तमसिंगजीचा ट्रक भारी हाय, मान्य. पन आमचाबी काही कमी नोता. आमचे हे फिजिक्सचे सर! पोराईले स्प्रिंगा शिकवते, अन् स्वोताले स्प्रिंग कळत नाही!" केवढा हशा पिकला. माझे विद्यार्थी हसले. उकंडाकाकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ते पाट्यांचाच विचार करत असणार.

मी परातीजवळून ट्रक उचलला. सही व्हायची होती.

घरी आल्यावर दीपाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी करतीन ना?"

आठवडा गेल्यावर मी भाऊसाहेबांच्या कार्यालयात गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि मनापासून उसासा टाकला.

"सर, तुमचं नाव आता मी कोन्या तोंडानं पाठवू?"

"म्हणजे?"

"सगळ्या गावानं पाह्यलं ना. उद्या पालक येतीन, म्हनतीन, ज्याले स्प्रिंग कळत नाही त्याले फिजिक्सची जागा देली? संस्थेचं नाव जाते."

"भाऊसाहेब, तुम्हीच तर सांगितलं होतं हरवायला."

"ते तुमाले अन् मले माहीत हाय," ते अगदी समजुतीनं म्हणाले. "गावाले थोडीच माहीत हाय?"

जागेवर उत्तमसिंगांच्या पुतण्याचं, धनसिंगचं, नाव गेलं. पॅनलमधली माणसं एकमेकांसाठी एवढं करतातच. शिवाय तो फिजिक्सचाच होता, आणि जिंकलेल्या ट्रकचे शॉकअप त्यानंच तयार केले होते, हे प्रस्ताव पाठवताना भाऊसाहेबांनी चारचौघांत बोलून दाखवलं. माझी सेवा पूर्ववत चालू राहील, असंही मला सांगण्यात आलं. पूर्ववत या शब्दाचा एवढा राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

रविवारी धनसिंग आमच्या घरी आला. हातात दोन पिशव्या. एकीत उत्तमसिंगांचा ट्रक आणि दुसरीत आमचा लाल. पोरगा नम्र होता, खाली वाकून पाया पडला. त्यामुळं तर मला जास्तच वाईट वाटलं.

"सर, खरं सांगतो," तो म्हणाला, "मी काहीच केलं नोतं. डब्यातून काढला अन् तसाच आनला. आता काका म्हनतात, दोन्ही ट्रक आपल्याच पॅनलचे, यवतमाळच्या मोठ्या शर्यतीले घेऊन जा. मले तं शॉकअपमधी तेल असते हेबी माहीत नोतं. तुमी करून द्यान काय? अन् सर, तो स्प्रिंगचा धडाबी तुमीच शिकवा. मले पोराईसमोर भेव लागते."

मी तोंड उघडण्याआधी दीपा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं आधी दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"त्याईले स्प्रिंग कळत नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावानं पाह्यलं."

धनसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पिशव्या उचलून तो गेला, पाठमोरा असतानाही सॉरी सर, सॉरी सर म्हणत होता. दीपानं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. ती रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. मी तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं, निदान तू बरोबर बोललीस एवढं तरी. पण लाल ट्रकची पिशवी जिथं ठेवली होती तिथं फरशीवर तेलाचा एक लहान डाग पडला होता, आणि मी त्याच्याकडे पाहत होतो, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की पुढच्या उजव्या शॉकअपचं सील गेलंय, ते आजच बदलायला हवं.